पितृस्मरण आणि श्रद्धा

पिता हयात असेतो त्याचे मोल सहसा ध्यानात येत नाही. तो घरात आहेच, असे धरून आपण वागतो. तो गेल्यावर मात्र अनेक गृहस्थांच्या मनात एक शल्य उरते. बोलावयाचे ते राहिले, क्षमा मागावयाची ती मागितली गेली नाही. आता ती कोणापाशी मागावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गीतेतील अर्जुनाकडे पाहावे. कारण तो स्वतः पितृहीन होता.

पांडुराजा शतशृंग पर्वतावर निवर्तला, तेव्हा पांडव लहान होते. पुढे हस्तिनापुरात अर्जुनाला पितृसुख लाभले ते भीष्मांच्या मांडीवर. भीष्मपर्वात तो श्रीकृष्णाला सांगतो की, बालपणी खेळून आल्यावर धुळीने माखलेल्या अंगानेच आपण पितामहांच्या मांडीवर चढत असू व त्यांस 'तात' म्हणत असू; तेव्हा ते, आपण तुझे नव्हे, तुझ्या पित्याचे तात आहोत, असे समजावीत. मुलाची धूळ आपल्या अंगावर घेणे आणि तरीही त्यास मांडीवरून न उतरविणे, हेच पितृत्व अर्जुनाने अनुभवले होते.

आता गीतेचा क्रम पाहावा. पहिल्या अध्यायात अर्जुनाला भय वाटते की, कुलक्षय झाला तर पिंडोदक लोपून पितरांची अधोगती होईल. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर तोच अर्जुन भगवंताला चराचराचा पिता म्हणतो. थट्टेत, भोजनात, आसनावर किंवा शय्येवर सख्य समजून जो अनादर घडला, त्याची क्षमा मागताना तो तीन नाती पुढे करतो. त्यांत पहिले नाते पितापुत्राचे, दुसरे मित्राचे, तिसरे प्रियजनाचे. पिता अपराध सहन करतो, ही खूण त्याला ठाऊक होती. म्हणूनच तो निर्भयपणे क्षमा मागू शकला.

नवव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःस या जगाचा पिता, माता आणि पितामह म्हटले आहे. तेव्हा ज्याची क्षमा मागावयाची राहिली, तो पिता आपणांस अंतरला तरी क्षमेचे द्वार बंद झालेले नाही. लौकिक पित्याची सहनशीलता ज्या मूळ पितृत्वाचा अंश होती, त्याच्याच चरणी ती मागावी.

परंतु केवळ मागून कर्तव्य संपत नाही. 'श्राद्ध' हा शब्द 'श्रद्धा' या शब्दावरून आला आहे. श्रद्धेवाचून केलेले हवन, दान वा तप असत् होय, असे सतराव्या अध्यायाच्या अखेरीस सांगितले आहे. महाराष्ट्रात भाद्रपद वद्य पक्षात आणि उत्तरेत पौर्णिमान्त गणनेने आश्विन कृष्ण पक्षात, म्हणजे त्याच पंधरवड्यात, पिता, पितामह व प्रपितामह यांच्या नावे तिलोदक दिले जाते. ते देताना हात चालतो आणि मन घड्याळाकडे असते, असे होऊ नये.

बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात 'पुत्र' शब्दाचा मर्म उलगडला आहे. पित्याच्या हातून काही उणे राहिले असेल, तर त्यातून त्यास सोडवितो तो पुत्र. ही जबाबदारी कन्येनेही तितक्याच अधिकाराने उचलावी. माझ्या वडिलांचा नेम होता की, दर एकादशीस शेजारच्या एका दृष्टिहीन वृद्ध गृहस्थांस गीतेचा एक अध्याय वाचून दाखवावयाचा. ते वारले तेव्हा बारावा अध्याय झाला होता. सुतक फिटल्यावर आलेल्या एकादशीस मी तेरावा वाचावयास गेलो. त्या गृहस्थांनी पाट मांडून ठेवला होता. त्या वाचनात मला वडिलांचे जे सान्निध्य लाभले, ते त्यांच्या तसबिरीपुढे बसून लाभले नव्हते.

म्हणून वाचकांनी इतके करावे. आपल्या दिवंगत पित्याचे एखादे सत्कार्य अपुरे राहिले असेल, तर ते शोधून हाती घ्यावे. एखाद्याचे देणे असेल तर फेडावे, कोणाशी अबोला असेल तर तो मोडावा. आणि जे स्वतः पिते आहेत, त्यांनी धुळीने माखलेल्या बालकास मांडीवर घेताना वस्त्रांची चिंता करू नये. उद्या ते बालक ईश्वरापाशी क्षमा मागावयास उभे राहील, तेव्हा पिता सहन करतो हा विश्वास त्याला आपल्याच घरातून मिळालेला असला पाहिजे.