लपवलेला डबा

आपल्या वावराला गट नंबर असतो. तसे पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला दोन आकडे असतात. त्यांना अक्षांश आणि रेखांश म्हणतात.

या आकड्यांचा एक खेळ २००० साली अमेरिकेत निघाला. एकजण डबा लपवतो अन् जागेचे आकडे कळवतो. दुसरा आकडे वाचून तिथं पोचतो. डब्यातल्या वहीत आपलं नाव लिहितो. पुष्कळदा डब्यासोबत त्या जागेची गोष्टही सांगतात.

आपल्या वरूडहून समुद्र फार लांब. तिकडे कोकणात विजयदुर्ग किल्ला आहे. समजा, तिथल्या किनाऱ्यावर आपण असा डबा ठेवला. मग गोष्ट कोणती सांगू?

लोक सांगतात, "पाण्याखाली भिंत आहे. तिच्यावर आदळून शत्रूची गलबतं फुटली." पाणबुड्यांनी तिथं दगडी बांध पाहिला आहे. १७२० साली इंग्रज हात हलवत परत गेले, हेही खरं. पण १७५६ साली त्यांनीच किल्ला घेतला. म्हणजे भिंतीनं सगळ्यांना अडवलं नाही.

गोष्ट आवडीनं ऐकावी. साल अन् आकडा मात्र आपण स्वतः वाचून पाहावा. सातबाऱ्याचंही तसंच. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून अंगठा देऊ नये.