पेशीची मुद्रा

मानवी शरीरावर रोगजंतूंचे आक्रमण सतत होत असते. त्यांचा प्रतिकार करणारी प्रतिपिंडे रक्तातील बी-पेशींपासून निर्माण होतात. रोगजंतू असंख्य प्रकारचे, म्हणून प्रतिपिंडेही असंख्य प्रकारची हवीत. परंतु माणसाच्या पेशीत प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २०,००० एवढीच असतात. मग ही विविधता येते कोठून?

१९७६ साली जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांतून या कोड्याची उकल केली. प्रतिपिंडाचे जनुक वारशाने अखंड मिळत नाही. मिळतात ते त्याचे सुटे तुकडे. बी-पेशी घडताना त्यांतील काही तुकडे निवडून जोडले जातात. डीएनएची लिपी चार अक्षरांची आहे. तुकड्यांच्या सांध्यावर त्यातील काही अक्षरे गळतात, तर काही नव्याने भरली जातात. त्यामुळे प्रत्येक नव्या बी-पेशीला जणू स्वतःची मुद्राच लाभते. या संशोधनासाठी तोनेगावा यांना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज यंत्रे एकाच नमुन्यातून अशा लाखो मुद्रांची अक्षरे वाचतात. एवढा मजकूर तपासणे मानवी डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. हे काम संगणक करतो. तो प्रत्येक मुद्रा ज्ञात तुकड्यांच्या सूचीशी ताडून पाहतो, वाचनातील चुका वेगळ्या काढतो आणि सारख्या मुद्रांची मोजदाद करतो.

रक्ताच्या काही कर्करोगांत या मोजणीला फार मोल आहे. अशा रोगात एकच पेशी बेसुमार वाढत जाते. म्हणून तिच्या वंशातील पेशींवर बहुधा तीच मुद्रा असते. उपचारापूर्वी ती मुद्रा हेरून ठेवतात. उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसेनासा झाला, तरी संगणक अस्थिमज्जेच्या नमुन्यात त्याच मुद्रेचा शोध घेतो. नमुना पुरेसा असेल, तर दहा लाख पेशींत दडलेली एखादी रोगट पेशीही सापडू शकते. रोग उलटण्याचा धोका त्यामुळे वेळीच कळतो.

मात्र जे नमुन्यात आलेच नाही, ते संगणकालाही दिसत नाही. म्हणून उपचार थांबवावेत की वाढवावेत, हा निर्णय इतर तपासण्या आणि रुग्णाची प्रकृती पाहून डॉक्टरच घेतात. संगणक मोजतो, त्या मोजणीचा अर्थ लावणे माणसाकडेच राहते.

स्वाध्याय
१. बी-पेशीला स्वतःची मुद्रा कशी मिळते, ते लिहा.
२. 'संगणक मोजतो, त्या मोजणीचा अर्थ लावणे माणसाकडेच राहते', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.