गोल निवडुंगाची निगा

काटेरी, मांसल वनस्पती दिसली की तिला निवडुंग म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः कुंपणाचा त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातील आहे. कॅक्टस हे कुळ वेगळे असून ते जवळजवळ संपूर्णपणे अमेरिका खंडातील आहे. ज्या लवदार ठिपक्यांतून काट्यांचे झुबके निघतात, त्या ठिपक्यांवरून खरा कॅक्टस ओळखावा. याच कुळातील ममिलारिया हा लहान, चेंडूसारखा प्रकार कुंडीत लावण्यास सोयीचा आहे. त्याच्या बहुतेक जाती मेक्सिकोतील आहेत. अंगावरील उंचवट्यांच्या बेचक्यांतून त्याला फुले येतात आणि माथ्याभोवती त्यांचे कडे होते.

ही वनस्पती रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, तो आम्लरूपाने साठविते आणि दिवसा रंध्रे मिटून अन्न तयार करते. त्यामुळे तिला पाणी अल्प लागते. रोज पाणी घातल्यास ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. खोडात पाण्याचा साठा असल्याने ही कूज लवकर कळत नाही. वरून टवटवीत दिसणारे झाड बुडाशी मऊ पडलेले आढळते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. या झाडाच्या बाबतीत हात आवरणे हाच निगेचा मोठा भाग होय.

कुंडी लहान व तळाशी भोक असलेली घ्यावी. जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे व मुरूम मिळून निम्म्याहून अधिक असावेत. उरलेल्या भागात माती व थोडे कुजलेले पानखत मिसळावे. सकाळचे ऊन द्यावे. एप्रिल-मेच्या दुपारी विरळ सावली करावी. उन्हाळ्यात माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच भरपूर पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, परंतु उजेडात व मोकळ्या हवेत ठेवावी. हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद करावे. थंड व कोरड्या विश्रांतीनंतर कळ्या चांगल्या धरतात. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने टिपून काढावेत. बाजूची पिल्ले काढल्यावर जखम काही दिवस सुकू द्यावी, मगच ती लावावीत.

रोप विकत घेताना ते कोठून आले, हेही विचारावे. मेक्सिकोतील केरेतारो राज्यातील ममिलारिया हेरेरी ही पांढऱ्या काट्यांची, गुलाबी फुलांची इवलीशी जाती हौशी संग्राहकांसाठी रानातून उपटली गेल्यामुळे नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आली. १९७५ साली अमलात आलेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ सर्व कॅक्टसांच्या व्यापारावर नियंत्रण आणले आहे. रोपवाटिकेत बियांपासून वा पिल्लांपासून वाढविलेले रोपच घ्यावे. आपल्या खिडकीतील फुलांसाठी दूरच्या डोंगरावरील झाड उपटले जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येकाला घेता येईल.