तिसऱ्या पिनमागे काय आहे, ते आधी बघा

एक चूक सोडली, तर माझी वायरिंग बरोबर होती, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

२०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि प्लायच्या मखरांची मागणी वाढली. जिगसॉने कमानी कापून मनगटं भरून यायची, म्हणून लालबागच्या गाळ्यात सीएनसी राउटर स्वतःच उभा केला. मोटर, ड्रायव्हर, आर्डुइनो लॅमिंग्टन रोडवरून, वायर लोहार चाळीतून. फक्त स्पिंडलसाठीचा, म्हणजे कापणाऱ्या मोटरचा, नवा पॉइंट वायरमनकडून काढून घेतला. त्याने फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवला. पेटला. "अर्थिंग दिलंय, बिनधास्त चालवा."

पुढे मशीन मधेच थांबायची. पडद्यावर टोकाशी मशीन थांबवणाऱ्या लिमिट स्विचचा अलार्म, आणि स्विचला तर कशाचाच स्पर्श नाही. दोन बोर्ड बदलले. वायरमन म्हणाला, "घरगुती मशीन आहे, असंच होणार."

मग गणपतीच्या तीन आठवडे आधी, कमान कापता कापता मशीन एकदम गप्प झाली. ट्यूबलाइट, पंखा चालूच. अडकलेला प्लाय सोडवायला हात पुढे केला, पण सवयीने आधी टेस्टर टेकवला. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर टेस्टर पेटला! मशीन बंद आणि सांगाड्यात करंट. अजून आठवलं की हाताला घाम फुटतो.

भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला. अर्थची वायर आलेलीच नव्हती. तिसऱ्या पिनपासून न्यूट्रलपर्यंत दोन इंची तुकडा जोडलेला, बस्स. मागे न्यूट्रलचा जोड जळून सुटला, तेव्हा स्पिंडलच्या ड्राइव्हमधून आलेला करंट त्या तुकड्यावाटे सांगाड्यावर उतरला. न्यूट्रलवरही बल्ब पेटतोच. त्या पेटण्यावर मी विश्वास ठेवला. वायरमनला फोन केला तर उत्तर आलं, "अहो, सगळे असंच करतात." साधी चूक झाली म्हणायलाही तयार नाही.

तेव्हा, बल्बवर जाऊ नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करा, सगळे प्लग काढा आणि मीटर कंटिन्युइटीवर ठेवून न्यूट्रल व अर्थ यांच्यात तपासा. बीप वाजला, तर कुणीतरी तुकडा मारलाय. करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवाच. स्पिंडलची केबल शील्डवाली घ्या, शील्ड खऱ्या अर्थला जोडा, आणि लिमिट स्विचच्या वायरी तिच्यापासून लांब न्या. माझ्या दोन्ही एकाच पट्टीतून गेल्या होत्या, तेवढी चूक माझी. लिमिट स्विच 'नॉर्मली क्लोज्ड' प्रकारचे घ्या, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. आणीबाणीच्या लाल बटणाने ड्राइव्हचा पुरवठाच तुटला पाहिजे, नुसता प्रोग्रॅम थांबून उपयोग नाही. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर उपसू नका, ड्रायव्हर जातो. बाकी घाई करू नका, वायर चांगल्या कंपनीची वापरा.

आता गाळ्यामागे खड्डा घेऊन खरी अर्थिंग केली आहे, आणि तो अलार्म पुन्हा आलेला नाही. वायरमनने पैसे अजून परत दिलेले नाहीत.