दुखणे एक, पाहणारे चौघे

पोट दुखते, डोके दुखते, चक्कर येते, अशा तक्रारी घेऊन शाळकरी मुले दवाखान्यात येतात. सर्व तपासण्या करूनही पुष्कळदा दोष सापडत नाही. मग घरचे म्हणतात, "शाळा चुकवायचे नाटक आहे." पण हे नाटक नव्हे. मनावरचा ताण शरीरावाटे बाहेर पडतो आणि पोट खरोखरच दुखते. तेथे टॉनिकची बाटली उपयोगाची नाही.

आपल्या जिंतूर तालुक्यातील कित्येक आईवडील ऊसतोडीला जातात, मूल आजीजवळ राहते. एखाद्या मुलीचे लग्न घरात ठरत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले आढळले. ही कारणे स्टेथोस्कोपला ऐकू येत नाहीत.

म्हणून कामाची वाटणी हवी. मूल गप्प झाले, डबा खात नाही, गैरहजेरी वाढली, हे शिक्षकांना प्रथम दिसते. समुपदेशकाने एकांतात त्याचे ऐकून घ्यावे. समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन अडचण समजून घ्यावी, वसतिगृह किंवा शिष्यवृत्तीची वाट दाखवावी. शारीरिक आजार नाही ना, हे डॉक्टरांनी पाहावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा शिक्षकांनी अशी मुले आवर्जून दाखवावीत.

मात्र चौघे चार दिशांना गेले, तर मुलाला तीच कहाणी चार वेळा सांगावी लागते आणि शेवटी ते तोंड उघडत नाही. यासाठी वर्गशिक्षकांसारख्या एकाच व्यक्तीने सूत्र हाती ठेवावे. पंधरा दिवसांतून एकदा सर्वांनी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: काय दिसले, कोण काय करणार आणि केव्हापर्यंत. मुलाचे गुपित कामापुरतेच सांगावे, शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा नको. परंतु लैंगिक अत्याचार, बालविवाह किंवा जिवाचा धोका असल्यास गुपित राखता येत नाही. अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलालाही हे आधीच सांगावे.

शाळेत समुपदेशक नसेल तर? १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मराठीतून मोफत मिळतो. संकटातील मुलासाठी १०९८ आहे.

पालकहो, शाळेतून कोणी मुलाविषयी बोलायला घरी आले, तर ती तक्रार समजू नका. त्यांना बसवा, पाणी द्या आणि मुलाचे घरातले वागणे मोकळेपणाने सांगा.