भाचीला पत्र : ऊस, उतारा आणि डॅशबोर्ड

वारणानगर

प्रिय भाचीस,


बिझनेस इंटेलिजन्सचं प्रमाणपत्र आधी घ्यावं की प्रोजेक्ट आधी करावेत, असं तू विचारलं आहेस. मामाचं म्हणणं, आधी प्रोजेक्ट, आणि तोही आपल्या उसावर. या विषयातला एक मोठा धडा वारणा खोऱ्यातच घडून गेला आहे.

1998 साली इथे ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प सुरू झाला. केंद्राची एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर), राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून परिसरातली सुमारे 70 गावं संगणकांनी जोडायला घेतली. पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना असं बरंच काही गावातल्या केंद्रावर मिळावं, हा बेत होता. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास केला. केंद्रांचा खरा वापर होत होता तो उसाच्या व्यवहारापुरता. मग त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. संगणकावरची सगळी कामं त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं. शेतकऱ्याला हवं होतं ते मोजकंच: ऊस किती गेला, बिल किती झालं, खत किती उचललं.

डॅशबोर्ड करणाऱ्यानं हा प्रसंग नीट समजून घ्यावा. पडद्यावर किती चार्ट मावले याला महत्त्व नाही. कोण काय विचारतोय आणि उत्तर मिळाल्यावर तो काय करणार, हे आधी कागदावर यायला हवं.

शिकणारे बहुतेक जण ‘अ‍ॅडव्हेंचरवर्क्स’ या सायकलींच्या काल्पनिक कंपनीचे आकडे घेऊन बसतात. पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं साधन कसं चालतं हे कळण्यापुरते ते ठीक. पण त्यातला आकडा चुकला तर टोकणारं कुणी नसतं. उसाचा आकडा चुकला, तर आपल्याकडे पारावर बसलेला माणूसही सांगेल.

आता कामाला लाग. पुण्याच्या साखर आयुक्तालयाचे कारखानानिहाय गाळप अहवाल असतात, शेतमालाची आवक आणि दर सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर मिळतात. पहिली ठेच तारखेपाशी लागेल. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पॉवर बीआय मात्र आपणहून जानेवारी ते डिसेंबर धरतं, त्यामुळे एकाच हंगामाचे दोन तुकडे पडतात. त्यासाठी वेगळं कॅलेंडर टेबल करून त्यात ‘हंगाम’ हा रकाना घालावा लागतो.

दुसरी ठेच उताऱ्यापाशी, म्हणजे उसातून टक्क्यांत किती साखर निघाली त्यापाशी. समज, एका दिवशी 2,000 टन ऊस गाळला आणि उतारा 10 टक्के आला, दुसऱ्या दिवशी 8,000 टनांना 12 टक्के आला. नुसती सरासरी काढली तर 11 येते. खरा उतारा 11.6 टक्के, कारण जास्त ऊस दुसऱ्या दिवशीचा आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, उताऱ्याला बांधलेली असल्यानं हा फरक पैशांत उतरतो. शिवाय ‘कोडोली’ हे गावाचं नाव एका फाइलीत एक तऱ्हेनं लिहिलेलं, दुसऱ्या फाइलीत त्याच्या सुरुवातीला एक रिकामी जागा सुटलेली; संगणक त्यांची दोन गावं करतो. या साफसफाईत बराच वेळ जाईल. जाऊ दे, हात तिथेच बसतो.

मग एखादा टोकदार प्रश्न घे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं असतं, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. घरच्या काटापावत्या आणि बँकेचं पासबुक घेऊन आपल्याच उसाचं बिल किती दिवसांत पडलं ते मांड. आडसाली, सुरू आणि खोडवा हे उसाचे प्रकार वेगळे ठेव. एकरी टनाची तुलना त्याशिवाय न्याय्य होत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. कारखान्याच्या दुसऱ्या सभासदांची नावं, खाते क्रमांक प्रोजेक्टमध्ये येता कामा नयेत. ‘पब्लिश टू वेब’ केलं की ती लिंक कुणालाही उघडते. नावांच्या जागी क्रमांक टाक.

एवढं झालं की प्रमाणपत्राकडे वळ, त्याला कमी लेखू नकोस. मायक्रोसॉफ्टची पॉवर बीआयवरची पीएल-300 परीक्षा डेटा साफ करणं, मॉडेल बांधणं, मांडणी आणि सुरक्षा अशा अंगांनी तपासते. 1,000 पैकी 700 गुणांना उत्तीर्ण. आपल्या मनानं प्रोजेक्ट करताना जे टाळलं जातं तेही ती शिकायला लावते. उदाहरणार्थ, गट अधिकाऱ्याला फक्त त्याच्याच गटाचे आकडे दिसावेत अशी व्यवस्था, जिला रो-लेव्हल सिक्युरिटी म्हणतात. सरावाचे प्रश्न मायक्रोसॉफ्ट लर्नवर फुकट आहेत. प्रश्नपत्रिका फुटल्यासारखे विकले जाणारे ‘डम्प’ विकत घेऊ नकोस. ते पाठ करून पास झालेल्याला मुलाखतीत ‘ही सरासरी अशीच का काढली?’ एवढं विचारलं तरी बोलता येत नाही. प्रमाणपत्राचं दरवर्षी ऑनलाइन, मोफत नूतनीकरण करावं लागतं, तेही लक्षात असू दे.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. हंगाम तोंडावर असेल. पहिल्या तोडणी चिठ्ठ्या निघायच्या आत शेतकी विभागात काम केलेल्या एखाद्या जाणत्याला तुझं पहिलं पान दाखवू. ते ज्या आकड्यावर बोट ठेवतील तो दुरुस्त कर आणि मगच परीक्षेची तारीख घे.

तुझा,
मामा