पाण्यातला दीड तास : पोहणाऱ्या मधुमेही व्यक्तीसाठी इन्शुलीन पंपाची निवड

इरई आणि झरपट या नद्यांच्या काठच्या चंद्रपूरला काय किंवा वैनगंगेच्या खोऱ्यातील गडचिरोलीला काय, पाण्याचे वेड नवे नाही. आमच्याकडची मुले आधी डोहात उड्या मारतात आणि मग केव्हातरी जलतरण तलावाची पायरी चढतात. माझी धाकटी बहीण अशीच पोहायला शिकली व शालेय स्पर्धांत उतरू लागली. चौदाव्या वर्षी तिला प्रकार १ चा मधुमेह असल्याचे निदान झाले, आणि आई पहिल्यांदा बोलली ती एवढेच, ‘‘आता पाणी बंद.’’ आईचे म्हणणे कितपत बरोबर, आणि ‘पंप घ्या, सगळे सुटेल’ असे सांगणाऱ्यांचे कितपत खरे, याचा शोध घेताना जे वाचले, विचारले आणि वहीत टिपले, ते वाचकमित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलीन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि कारल्याच्या रसाने जात नाही. इन्शुलीन बाहेरून घ्यावेच लागते. टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून १९२१ साली ते हाती आले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. त्यापूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूचीच वार्ता असे.

आता पोहण्याविषयी. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल (धाकटा) याला १९९९ साली हाच मधुमेह झाला. पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक त्याने अँथनी अर्विनच्या बरोबरीने पटकावले, आणि २००४ साली अथेन्सला तेच पदक पुन्हा जिंकले. ही हकीकत ऐकल्यावर आई गप्प झाली. पण ‘होऊ शकते’ हे कळले तरी ‘कसे’ हे कळायचे होतेच.

पंप म्हणजे काय? हाताच्या पंजात मावणारे हे यंत्र त्वचेखाली बसविलेल्या बारीक नळीतून दिवसरात्र थोडे थोडे इन्शुलीन सोडीत राहते. जेवणाच्या वेळी जादा मात्रा बटण दाबून द्यावयाची. यात वापरतात ते फक्त जलद काम करणारे इन्शुलीन. सुईने घेतलेले दीर्घकाळ टिकणारे इन्शुलीन शरीरात शिल्लक असते, तसा साठा पंपवाल्याजवळ नसतो. म्हणून पंप सुटून फार वेळ गेला की साखर चढते आणि काही तासांत रक्तात किटोन नावाची घातक आम्ले साचू लागतात. पोहणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानी घ्यावी.

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘पंप पाण्यात चालतो का?’ असा. उत्तरे निरनिराळी आहेत. मेडट्रॉनिकचा मिनिमेड ७८०जी ३.६ मीटर खोल पाण्यात २४ तासांपर्यंत टिकतो, असे त्याचे प्रमाण आहे. टॅन्डमचा टी:स्लिम एक्स२ केवळ ०.९१ मीटर खोलीवर ३० मिनिटे. बिननळीचा, अंगाला चिकटवावयाचा ओम्निपॉड ७.६ मीटर खोलीवर ६० मिनिटे. मात्र त्याचा हातातील नियंत्रक पाण्यात नेता येत नाही. हे आकडे नव्या, न तडकलेल्या यंत्राचे आहेत. एकदा फरशीवर आपटलेल्या पंपाची हमी कोणी देत नाही. शिवाय साखर मोजणाऱ्या संवेदकाचे रेडिओसंदेश पाण्यातून नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे मोजमाप पाहून आपोआप मात्रा बदलणारा पंपसुद्धा पाण्यात आंधळाच होतो.

यावरून दोन मार्ग निघतात. नळीचा पंप पोहण्याआधी काढून ठेवता येतो. चिकटवावयाचा पंप अंगावरच राहतो. त्याचे इन्शुलीन थांबत नाही, म्हणून पोहण्याच्या तासदीड तास आधीच मात्रा कमी करून ठेवावी लागते. वेगाच्या सूराने तो उखडला, तर तो फेकून नवा लावणे आले.

काढून ठेवण्याचा हिशेब सोपा आहे. समजा, ताशी ०.८ युनिट इन्शुलीन जाते. दीड तासात १.२ युनिट चुकले. पोहण्याने साखर उतरतेच, त्यामुळे रोजच्या सरावात एवढी तूट बहुधा निभावते. दोन तासांपुढे मात्र जाऊ नये. खरी परीक्षा स्पर्धेच्या दिवशी असते. सराव फेरी, वाट पाहणे, प्राथमिक फेरी, पुन्हा वाट पाहणे, अंतिम फेरी, असे चार-पाच तास जातात, आणि चुरशीच्या उत्तेजनाने साखर उतरण्याऐवजी चढू शकते. अशा दिवशी मधल्या वेळात चटकन जोडता व काढता येणारा पंपच सोयीचा. स्पर्धकाने आणखी एक गोष्ट आधीच करावी. इन्शुलीन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. उपचारासाठी रीतसर सवलत मिळते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

कोणताही पंप घेतला तरी काही नियम सुटत नाहीत. पाण्यात उतरताना साखर साधारण १२६ ते १८० च्या दरम्यान असावी. किटोन असताना पोहू नये. साखर घसरली की घाम सुटतो, हातपाय कापतात. पण पाण्यात घाम कळत नाही आणि कापरे थंडीचे वाटते. म्हणून काठावर जाणता माणूस आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज हवेच. दमलेल्या शरीराची साखर रात्री झोपेतही उतरते. नदीत एकट्याने उतरणे तर वर्ज्यच.

आता आपल्या प्रदेशाचा प्रश्न. येथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ३७ अंशांपुढे पंपातील इन्शुलीनचा भरवसा नाही. गेल्या मे महिन्यात इन्शुलीनचे पेन मीच स्कूटरच्या डिकीत विसरलो. दुपारनंतर बहिणीची साखर ३४० वर गेली, तेव्हा चूक उमगली. काढलेला पंप तलावाच्या तापलेल्या फरशीवर ठेवला तर तेच होईल. तो सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवावा. वीज नसेल तेथे इन्शुलीनच्या बाटल्यांना मातीचे मडके कामी येते. दुसरा प्रश्न अंतराचा. पंप बिघडला तर चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. भामरागड-सिरोंचाची गोष्टच वेगळी. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण कितीतरी पावसाळ्यांत वाचल्या आहेत. म्हणून पंपवाल्याच्या घरीही पेन व दीर्घकाळ टिकणारे इन्शुलीन तयार हवे. तिसरा प्रश्न पैशाचा. यंत्राची किंमत लाखांत, आणि नळ्या-साठवणीचा खर्च दरमहा हजारांत. नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्टद्वारे गरीब घरांतील मधुमेही मुलांना नुसते इन्शुलीन मिळावे म्हणून काम उभे केले, हे आठवले की या खर्चाचे मोल कळते.

डॉक्टरांनी आम्हाला पंपाचे नाव सांगितले नाही. त्यांनी वही करायला सांगितली : पोहण्यापूर्वी, मध्ये, नंतर आणि रात्री दोनला साखर किती. तीन महिन्यांनी वही बोलू लागली. बहीण पाण्यात दीड तास असते, साखर घसरते ती रात्री, आणि स्पर्धेच्या दिवशी चढते. तिला रात्री मात्रा आपोआप कमी करणारा, काढता येणारा, पण चुकून भिजला तरी टिकणारा नळीचा पंप सोयीचा, असे ठरले. पैसे जमेपर्यंत पेनवरच भागवायचे, हेही ठरले. पेन घेऊनही पोहता येते. फक्त मोजणे चुकवता येत नाही.

दुसऱ्या कोणाच्या वहीतून दुसरा पंप निघेल. निवड करणाऱ्याने आधी आपला दिवस लिहून काढावा व मग दुकानाची पायरी चढावी. आमच्या घरी ती वही आता आई लिहिते. परवा ती तलावाच्या काठावर घड्याळ धरून बसली होती, आणि पाचव्या फेरीनंतर तिनेच हाक मारली, ‘‘ये बाहेर, साखर बघू. मग पुन्हा जा.’’